गोळीशिवाय बीपी उतरवायला निघाले, त्याचे सात महिने

९ जानेवारीला विम्याच्या वैद्यकीय तपासणीत माझं बीपी १५६/९८ भरलं. नर्सने दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तेव्हा १५२/९६. अर्जात "उच्च रक्तदाब आहे का?" या प्रश्नापुढे मी आदल्या रात्रीच "नाही"वर खूण करून आणली होती. ती खूण खोडायची, "होय"वर करायची आणि खोडलेल्या जागेशेजारी सही करायची, असं तिने सांगितलं. सही करताना माझा हात थरथरला. वय सत्तेचाळीस, काही दुखत नाही, चक्कर नाही, डोकं जड नाही, आणि आता कागदावर माझ्या सहीनिशी एक आजार.

हे सगळं लिहिते आहे कारण त्या रात्री मी जे शोधत होते ते मला सापडलं नाही. "हे प्या, आठ दिवसांत बीपी गायब" असं सांगणारे खूप होते. "हे सगळं बंद करा, मुकाट्याने गोळी घ्या" म्हणणारेही होते. नैसर्गिक उपायांचा रस्ता कोणीतरी नीट चालून पाहिला, वहीत मांडला आणि कुठवर पोचलो ते सांगितलं, असं काही हाती लागलं नाही.

गोळी मला नको होती. त्यामागे माझे बाबा आहेत, आणि ही गोष्ट उलटी वाटेल. बाबांना सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. त्याआधी चार महिने त्यांनी बीपीची गोळी स्वतःहून सोडली होती, बरं वाटतंय म्हणून. आजही शर्टाची बटणं ते एकट्या उजव्या हाताने लावतात. डावा हात मांडीवर ठेवलेला असतो, आणि वरून तिसऱ्या बटणाशी ते थांबतात, दम घेतल्यासारखे. हे पाहून मी गोळीवर विश्वास ठेवायला हवा होता. पण मनाने दुसरंच घेतलं: गोळी ही अशी वस्तू आहे की एकदा सुरू केली की सुटत नाही, आणि सुटली तर असं होतं. म्हणून सुरूच करायची नाही.

डॉक्टरांची वेळ अकरा दिवसांनंतरची मिळाली. त्या अकरा दिवसांत मी दोन गोष्टी केल्या, एक बरोबर, एक चूक. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र आणलं, हे बरोबर. मनगटावरची यंत्रं हात थोडा वर-खाली झाला तरी आकडा बदलतात. चूक अशी की एका रविवारी मी चौदा वेळा बीपी घेतलं. आकडा वाढला की भीती, भीतीने पुढचा आकडा आणखी वर. रात्री १६८ पर्यंत गेला. कोणी नुकतंच यंत्र आणलं असेल तर एवढं ऐका: सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, बाकी वेळ यंत्र कपाटात.

२० जानेवारीला डॉक्टरांनी आधी माझा दंड टेपने मोजला. माझ्या यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला लहान पडत होता, आणि लहान पट्टा आकडा उगाच वर दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. मग मोजायची रीत त्यांनी कागदावर लिहून दिली. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, चालून आल्या आल्या नाही. लघवी करून यायचं. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, चांगला तेवढाच निवडून नाही. सात दिवस असं करून पहिला दिवस सोडायचा, उरलेल्या सहांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. काही देशांत रेघ याहून खाली, १३०/८० ला आहे.

शिवाय तपासण्या: रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं प्रथिन, ईसीजी, आणि डोळ्यांचा पडदा पाहून घ्यायचा. मला वाटलं एवढं कशाला. नंतर कळलं की या यादीतल्या एका आकड्यानेच माझी गोष्ट वळवली.

त्याच भेटीत मी सर्पगंधेचं विचारून घेतलं. माझ्या नणंदेने सुचवलं होतं, "वहिनी, ते झाडाचं मूळ आहे, गोळीसारखं शरीराला सवय लावत नाही." डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. म्हणाल्या, सर्पगंधेने बीपी खरंच उतरतं. डॉ. रुस्तुम जल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते वर्षानुवर्षं बीपीचं औषध म्हणून वापरात होतं. मागे पडलं, कारण जास्त मात्रेत ते माणसाला खिन्न करतं, नाक चोंदतं, सुस्ती येते. "आणि मुळाच्या पुडीत ते किती आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. मुळात असलं तरी ते औषधच आहे." मी ते घेतलं नाही.

३० जानेवारीला वही आणि अहवाल घेऊन गेले. सहा दिवसांची सरासरी १४८/९३. साखर, मूत्रपिंड, डोळे, ईसीजी सगळं ठीक. पोटॅशियम मात्र ३.४, म्हणजे खालच्या मर्यादेच्या जरा खाली. डॉक्टर त्या आकड्यापाशी थांबल्या. "तुम्ही घरी काय काय घेता? औषधं नाही विचारत. सगळं." मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्या बाटल्या, पाकिटं, डबे पिशवीत घालून आणा. काहीच नसलं तर रिकामी पिशवी आणा."

पिशवीत नऊ गोष्टी भरल्या. एकेक बाहेर काढून त्यांनी लेबलं वाचली, काही तर भिंगाखाली धरून. तीन बाजूला ठेवल्या.

पहिली, आम्लपित्तासाठी मी वर्षभर दिवसातून तीन कप पीत होते तो काढ्याचा चहा. घटकांच्या यादीत पहिलंच नाव ज्येष्ठमध. त्यात ग्लायसिरायझिन असतं. शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) निष्प्रभ करणारं मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) त्याने अडतं, आणि मग मोकाट राहिलेलं कॉर्टिसॉल आल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं: मीठ-पाणी धरून ठेवायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं. बीपी वर, पोटॅशियम खाली. माझ्या अहवालात हेच दोन आकडे होते.

दुसरी, पाण्यात टाकली की फेसाळणारी क जीवनसत्त्वाची गोळी. फेस येण्यासाठी तिच्यात खायचा सोडा असतो. लेबलावर एका गोळीत २८० मिलीग्रॅम सोडियम. मी दोन घेत होते, म्हणजे जवळपास दीड ग्रॅम मीठ, ज्याची चव जिभेला कधी कळलीच नाही.

तिसरी, गुडघ्यासाठी आठवड्यातून तीन-चारदा घेत होते ती आयब्युप्रोफेन. असल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड मीठ-पाणी अडवून धरतं आणि बीपी चढू शकतं.

मला त्या टेबलाकडे बघवेना. तीनपैकी दोन गोष्टी मी तब्येत सुधारावी म्हणून घेत होते आणि त्यातली एक तर निसर्गोपचार म्हणूनच. डॉक्टरांनी दोषाचा शब्द काढला नाही. एवढंच ठरवलं: महिनाभर काहीही नवीन सुरू करायचं नाही, फक्त या तीन गोष्टी थांबवायच्या. ज्येष्ठमधाचा परिणाम सोडल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पोटॅशियम तरीही कमीच राहिलं तर मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकाची तपासणी करावी लागेल. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. आणि एक अट: केव्हाही १८०/११० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तसंच राहिलं तर त्याच दिवशी भेटायचं. छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, नजर किंवा हात-पाय अचानक दगा देणं, यातलं काही सोबत असेल तर वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात.

फेब्रुवारी कंटाळवाणा गेला. मला काहीतरी करायचं होतं आणि करायचं होतं ते फक्त न करणं. २८ तारखेची सरासरी १४२/९०. पोटॅशियम ४.१. संप्रेरकाची तपासणी टळली. पिशवीतून तीन वस्तू काढल्या आणि वरचा आकडा सहाने उतरला. पुढे मी ज्या बाटल्या विकत घेतल्या त्यातल्या एकीलाही हे जमलं नाही.

यातला थोडा उतार आपोआपही आला असेल, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पहिल्या भीतीतले आकडे चढे असतात आणि पट्टा बांधायची सवय झाली की थोडे खाली येतात. म्हणूनच आठ दिवसांत बीपी उतरल्याच्या कहाण्या इतक्या मिळतात.

१ मार्चपासून तीन महिन्यांची मुदत मिळाली. माझं बीपी पहिल्या टप्प्यातलं होतं आणि मूत्रपिंड, हृदय, डोळे यांना धक्का नव्हता, म्हणून ही सवलत. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येकाला किमान तीन आठवडे, एवढीच शिस्त.

मार्च मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे दोन हजार मिलीग्रॅम सोडियम. लेबलावर सोडियम असेल तर अडीचने गुणायचं की मीठ येतं. हा गुणाकार पाठ करून ठेवला. वरून पेरायचं मीठ मी आधीही घेत नव्हते. माझं मीठ पाव, सॉस, चीज आणि सुपाच्या पाकिटांत होतं. पहिले दहा दिवस जेवणावर वासनाच राहिली नाही, सगळं पाणचट लागायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा बाहेरचं सूप प्यायले तर ते खारट लागून अर्धं ठेवलं. जीभ बदलते, पण तिला ते तीन आठवडे द्यावे लागतात.

पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठही याच महिन्यात आणलं. चीनमध्ये सहाशे खेड्यांपैकी निम्म्यांत असं मीठ वापरून पाहिलं होतं, तीन भाग नेहमीचं आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीचं मीठ खाणाऱ्या उरलेल्या गावांपेक्षा तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळले. पक्षाघात हा शब्द वाचूनच मी ते घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी परवानगी दिली ती क्रिएटिनिन पाहून. मूत्रपिंड दुबळं असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं चालू असतील, तर हे मीठ धोक्याचं आहे. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. बाबांचं जेवण म्हणून वेगळ्या डब्यातल्या मिठाचं, आणि त्या डब्यावर मी लाल चिकटपट्टी लावली.

मार्चअखेर १३९/८८.

एप्रिलमध्ये हिबिस्कसचा चहा, आणि इथे मराठी वाचकांसाठी एक गोष्ट नीट सांगायला हवी. हिबिस्कस म्हटलं की आपण जास्वंद म्हणतो. मीही वाळवलेल्या जास्वंदीची पूड आणली होती. पण ज्यावर बीपीचे प्रयोग झाले ते झाड वेगळं, हिबिस्कस सब्दरिफा, म्हणजे लाल अंबाडी. त्याच्या चहात पाकळ्या नसतात. फुलाखालची मांसल लाल बोंडं वाळवलेली असतात. २०१० मध्ये छापलेल्या एका प्रयोगात ६५ जणांपैकी काहींनी सहा आठवडे रोज तीन कप हा चहा घेतला. त्यांचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला, नुसतं तशाच चवीचं पाणी घेणाऱ्यांचा एकने. पाकिटावर लॅटिन नाव शोधा, मराठी किंवा इंग्रजी नावावर जाऊ नका. चहा गडद लाल, आंबटढाण. दातांवर आंबटाचा परिणाम नको म्हणून प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरत असे. गरोदर बायकांनी तो टाळावा. सहा आठवड्यांनी माझे आकडे १३७/८७. दोनाचा फरक. चहाचा की ऋतू बदलल्याचा, हे ठामपणे म्हणता येणार नाही, पण मला तो आवडायला लागला होता, म्हणून चालू ठेवला.

बीटचा रस जास्त उत्सुकतेने घेतला कारण त्यामागची गोष्ट सुंदर आहे. बीटमध्ये नायट्रेट असतं. ते पोटातून रक्तात जातं, तिथून लाळेत येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तवाहिन्या सैल पडतात. मी बारा दिवस रोज अडीचशे मिलीलिटर प्यायले आणि काहीच घडलं नाही. लघवी लाल झाली, तेवढं घडलं. पहिल्या दिवशी मी रक्त समजून घाबरून दवाखान्यात फोन लावला होता. डॉक्टरांनी विचारलं, "माउथवॉश वापरता का?" हिरड्यांसाठी दंतवैद्याने दिलेल्या जंतुनाशक माउथवॉशने मी सकाळ-संध्याकाळ गुळण्या करत होते. म्हणजे जिभेवरच्या कामकऱ्यांना मी दिवसातून दोनदा धुऊन काढत होते. हिरड्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा दहा दिवस रस घेतला. प्यायल्यावर तीन तासांनी वरचा आकडा पाच-सहा कमी यायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा जागच्या जागी. रोज रस काढणं, भांडं धुणं, हातावरचे डाग, हे मला झेपेना. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावं. ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र विचारल्याशिवाय नको.

बाकीच्या बाटल्यांचं थोडक्यात सांगते. मॅग्नेशियम ऑक्साइडने चार दिवस जुलाब झाले. मग सायट्रेट घेतलं, पोट सुधारलं, आकडे तिथेच. वेगवेगळ्या प्रयोगांची बेरीज करून मॅग्नेशियमने वरचा आकडा सरासरी दोनने उतरतो असं निघालंय, आणि माझा आकडा एका सकाळहून दुसऱ्या सकाळी आठ-दहाने हलतो. दोनाचा फरक माझ्या वहीला दिसलाच नसता. लसणाच्या गोळ्या घेऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच दाढ काढायची वेळ आली. दंतवैद्याच्या अर्जात "रक्त पातळ करणारी औषधं" असा रकाना होता. मी सहज लसूण लिहिला आणि त्यांनी तो खरोखरच आठवडाभर आधी बंद करायला लावला. पुन्हा सुरू केला नाही. कोएन्झाइम क्यू-१० सगळ्यांत महाग होतं. त्याचे चांगले प्रयोग एकत्र पाहता बीपीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही, हे मी बाटली घेतल्यानंतर वाचलं. दुकानाने उघडलेली बाटली परत घेतली नाही. तीन महिन्यांत या बाटल्यांवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात पुढे मला लागलेली गोळी दोन वर्षं पुरली असती. घरखर्च बेताचा असेल तर आधी यंत्र आणि योग्य मापाचा पट्टा घ्या, उरलं तर बाकीचं.

चालणं मात्र मार्चपासून एकदाही चुकवलं नाही. आठवड्याचे दीडशे मिनिट, गुडघ्याला सोसेल तसे तुकडे करून. भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्यासारखं अधांतरी बसायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला, दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला मला चाळीस सेकंद जमायचं. श्वास धरून ठेवायचा नाही, नाहीतर त्या क्षणी बीपी उसळतं. झोपण्यापूर्वी मिनिटाला सहा श्वास असा दहा मिनिटं सराव. मेअखेर वजन साडेतीन किलोने उतरलं होतं.

३१ मेची सरासरी १३५/८६. मला वाटलं, जिंकले. डॉक्टर म्हणाल्या, "खूप काम केलंत. पण रेघेवर आहात, रेघेच्या आत नाही. आणि रात्रीचं काय होतं ते वहीत दिसत नाही." चोवीस तासांचं यंत्र लावायचं ठरलं. यंत्रासाठी अकरा दिवस थांबावं लागलं, अनामत भरावी लागली, आणि एक संमतिपत्र. ११ जूनला कमरेला डबी, दंडाला पट्टा. दिवसा वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने पट्टा फुगतो. फुगताना हात सरळ, सैल ठेवायचा. अंघोळ नाही, म्हणून सकाळी लवकर उरकून जा आणि सैल बाह्यांचं घाला. झोपल्याची, उठल्याची वेळ सोबतच्या तक्त्यात लिहायची. रात्री प्रत्येक वेळी जाग आली असं वाटत होतं. अंधारात दंड आवळला जायचा, काहीतरी मोजलं जायचं, आणि तो आकडा मला कळायचा नाही.

अहवाल: दिवसा १३६/८६, रात्री १२७/७८, चोवीस तासांची सरासरी १३३/८३. झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरायला हवं. माझं सातही टक्के उतरत नव्हतं. रात्रीची रेघ १२०/७० ची आहे. घोरण्यामुळे श्वास अडतो का याची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली. १९ जूनला डॉक्टरांनी गोळी सुचवली. टेल्मिसार्टन, ४० मिलीग्रॅम, दिवसातून एक.

मी रडले. तीन महिने मीठ, चालणं, भिंतीला टेकून थरथरणारे पाय, आणि शेवटी तीच गोळी. डॉक्टरांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या की या कुळातल्या औषधांची वाट एका सापापासून सुरू झाली आहे. ब्राझीलमधल्या जाराराका सापाच्या विषाने माणसाचं बीपी कोसळतं. त्या विषातल्या घटकांवरून कॅप्टोप्रिल तयार झालं, १९८१ मध्ये ते वापरात आलं, आणि तुमची गोळी शरीरातल्या त्याच साखळीवर पुढच्या कडीला काम करते. मी विचारलं, मग मी जे केलं ते वाया गेलं का? त्यांनी जानेवारीचं पान उघडलं. "१४८ वरून सुरुवात केली असती तर बहुधा दोन औषधं लागली असती. आता एक, तेही मध्यम मात्रेत."

मग कामाच्या गोष्टी. पोटॅशियमचं मीठ त्याच दिवसापासून बंद, कारण ही गोळी पोटॅशियम शरीरात अडवून ठेवते. आयब्युप्रोफेनही पूर्ण बंद. त्या दोघांचं मूत्रपिंडाशी जमत नाही. गरोदरपणात हे औषध चालत नाही, म्हणून तरुण बायकांनी आधीच सांगावं. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा. चहा चालेल, पण खुर्चीवरून उठताना गरगरलं तर कळवायचं. ३ जुलैचा अहवाल: पोटॅशियम ४.५, क्रिएटिनिन होतं तेवढंच.

विम्याचा अर्ज जुलैमध्ये पुन्हा भरला. "नियमित औषधे व पूरके" याला दोन ओळींची जागा होती. मी वेगळा कागद जोडला: गोळीचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, लाल अंबाडीचा चहा दिवसाला दोन कप, मॅग्नेशियम बंद, लसूण बंद, ज्येष्ठमध बंद. सोबत वहीच्या शेवटच्या दोन पानांची आणि चोवीस तासांच्या अहवालाची प्रत. तीन आठवड्यांनी मंजुरी आली, हप्ता थोडा वाढवून. कागद जोडताना डॉक्टरांच्या पत्रावर तारीख आहे ना ते पाहून घ्या. माझं पत्र त्यासाठी एकदा परत आलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याची सरासरी १२४/७८.

वहीत आता दोन रकाने आहेत. दुसरा बाबांचा. संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं टेबलाशी बसतो, पाठ टेकून, पावलं जमिनीवर. त्यांचं उजव्या दंडावर घ्यायचं असतं, म्हणून बाही वर करायला मी मदत करते. पाच मिनिटं गप्प बसणं त्यांना कठीण जातं. तिसऱ्या मिनिटाला ते हमखास विचारतात, "तुझं किती आलं सकाळी?" मी बोटाने थांबा म्हणते, आणि वही त्यांच्याकडे सरकवते.